आरशातला डावखुरा

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, माझ्या चौकटीच्या एका कोपऱ्यात लाकूड जरा फिकट दिसतं. तिथं नऊ वर्षं एक पत्र खोचलेलं होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं, आणि दोष बहुधा माझाच होता.

न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात माझ्या पाठीवर चांदीचा मुलामा चढला. लायमन टकरांनी मला घरी आणलं, तेव्हा ते मासिकांतल्या गोष्टींसाठी चित्रं काढत. एकदा गवत कापणाऱ्या शेतकऱ्याचं चित्र दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि चित्रासाठी उभा राहणारा माणूस आलाच नाही. लायमन स्वतःच लांब दांड्याचा विळा घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. मी दाखवलं, त्यांनी काढलं. चित्राची खूप वाहवा झाली.

मग व्हरमाँटहून ऑल्मिरा पेक या शेतकरीणबाईंचं पत्र आलं. ‘तुमचा माणूस डावखुरा आहे. गवत कापताना आमच्या रांगेत सगळे विळा एकाच बाजूला फिरवतात; असा उभा राहिला, तर शेजाऱ्याचा घोटा जाईल. तुम्ही कधी गवत कापलं आहे का?’

“उत्तर लिही ना,” त्यांची बायको कोरा म्हणाली.

“काय लिहू? गवत मी फक्त बागेत पाहिलंय म्हणून?”

“तेवढंच लिही. एका ओळीत होईल.”

त्यांनी लिहिलं नाही. रोज दाढी करताना मात्र ते पत्र वाचत. मासिकाला तसेच शेतकरी आणखी हवे होते, आणि मी निमूट उलटं दाखवत राहिलो. सहाव्या वर्षी त्यांनी मासिकाला नकार कळवला. “आता पाहिल्याशिवाय काढायचं नाही,” ते म्हणाले.

मला गोधडीत गुंडाळून दोघं व्हरमाँटमधल्या एका खेड्यात राहायला आली. तिथं माझं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मी धूळ खात होतो; लायमन गवत कापायला शिकत होते.

“टकर, जरा लांबून,” शेजारचे एझ्रा ओरडत. “हे घोटे मला अजून लागणार आहेत.”

तळहात फुटले. दोन चित्रं लायमननी खरवडून टाकली. तिसऱ्या उन्हाळ्यात एक पुरं झालं, तेव्हा त्यांनी मला पुसून वळवलं. चूक शोधायला चित्रकार आपलं चित्र आरशात पाहतात. माझ्यातला शेतकरी पुन्हा डावखुराच होता. मी खजील झालो.

लायमन हसले. “कोरा, डावखुरा आता फक्त आरशात आहे.”

मित्रांनो, चूक दाखवणारं पत्र आलं, तर ते फेकू नका. रोज दिसेल असं ठेवा. आणि आरसा अधूनमधून पुसा.

लायमननी उत्तर लिहून कोराला वाचून दाखवलं. ‘बाई, तेव्हा कापलं नव्हतं. आता कापतो. घोटे सगळ्यांचे शाबूत आहेत. जुलैत तुमच्या रांगेत जागा आहे का?’

खिडकीतून मला रस्त्याकडेची टपालपेटी दिसते. त्यांनी पाकीट आत ठेवलं आणि पत्र न्यायचं आहे हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचं लाल निशाण उभं केलं. माझ्यात ते उलट्या बाजूला दिसलं. पण उभं होतं.