माझ्या अंगात उतरलेली वीज

मी वरठीतला एक जुना कॉम्प्रेसर आहे, हवा दाबून भरणारं यंत्र. माझा रंग उडाला, पट्टा सैल झाला, पण एक राग अजून ताजा आहे. मित्रांनो, तो कशाचा ते ऐका.

जाड पत्र्याची टाकी, वर पिस्टन, शेजारी मोटर, असा मी कारखान्यात घडलो. माझ्या पाटीवर छापलं होतं: तीन फेज, चारशे चाळीस व्होल्ट. अर्थिंग केल्याशिवाय चालवू नये.

१९९३ साली मी नागपूरहून ट्रकने वरठीला आलो. भोजराज पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. ड्युटीवरून आल्यावर घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मोटरसायकली रंगवायच्या, चाकांत हवा भरायची, असा त्याचा बेत होता. त्याची बायको चंद्रकांता हिने मला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी माझा ऊर भरून आला.

मग आले मारोतराव, भोजराजचे थोरले भाऊ. घरात त्यांचाच शब्द शेवटचा. मीटर पुढच्या बैठकीत बसलं होतं. तिथून शेडपर्यंत तार ओढायची होती.

"दादा, वायरमनले बोलावतो," भोजराज म्हणाला. "पाटीवर अर्थिंगचं लिवलं हाय."

"कायले? माह्या धानाच्या बांधीवरचा पंप बिना अर्थिंगचा चालूनच राहिला ना!"

त्यांनी घरातल्या दिव्यांची उरलेली बारीक तार घेतली, तिला जोड मारले, सुतळीने बांबूला बांधली आणि माझ्या मोटरीत खुपसली. शेडमध्ये खटका बसवलाच नाही. मला बंद करायचं तर घराला वळसा घालून बैठकीत जावं लागे.

चालू झालो की मी थरथरतो. त्या थरथरीत ती सैल तार माझ्या पत्र्याच्या धारेवर घासत राहिली. तिचं कवच फाटलं आणि वीज माझ्या अंगात उतरली. भोजराजच्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. त्याने भावाला सांगितलं, तर मारोतराव हसले. "चप्पल घालून हात लावत जा." भोजराज गप्प बसला. मला बोलता आलं असतं, तर मी सारं गाव गोळा केलं असतं!

एका दुपारी चंद्रकांता धुणं वाळत घालून शेडमध्ये आली. हात ओले, पाय अनवाणी. टाकीवर सांडलेला रंग पुसायला तिने मला हात लावला, आणि तो हात सुटेना. तोंडातून आवाज फुटेना. दारात चाकात हवा भरणाऱ्या भोजराजने वळून पाहिलं. तो तिला ओढायला धावला, हात लावला तर आपणही चिकटू हे उमगून थबकला, आणि घराला वळसा घालत बैठकीकडे पळाला. खटका पडेपर्यंत ती मला चिकटून तडफडत होती. जिने मला कुंकू लावलं, तिला मारायला ती वीज माझंच अंग वापरत होती!

ती वाचली. तळहात मात्र भाजला. आणि मारोतराव काय म्हणाले? "मशीनच अवलक्षणी हाय. टाका भंगारात." वर मला एक लाथही मारली.

भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, चंद्रकांता आजवर मान वर करून बोलली नव्हती. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून ती पुढे आली.

"मशीनले कायले लाथा मारून राहिले, भाऊजी? तार कोनं बांधली? मी मेली असती, त मलेही अवलक्षणीच म्हनलं असतं तुमी!" मग ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी! बोटं झिणझिणत होते, तवा चूप काहून बसले?"

मारोतराव पाय आपटत निघून गेले.

त्याच आठवड्यात भोजराजने भंडाऱ्याहून वायरमन आणला. जाड केबल लोखंडी नळीतून आली. माझ्या शेजारच्या भिंतीवर स्टार्टर आणि मेन स्विच बसले. शेडमागे खोल खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली, आणि तिथून एक तार माझ्या अंगाला जोडली. हेच ते अर्थिंग: माझ्या अंगात उतरलेली वीज आता थेट जमिनीत जाणार होती. "उन्हाळ्यात यात पानी टाकत जा, सुकल्या मातीत वीज उतरत नाही," वायरमनने बजावलं. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं बिनघोर राबलो. कुणाच्या बोटाला कधी मुंगी चावल्यासारखंही झालं नाही.

पुढच्या वैशाखात मारोतराव मोटरसायकल घेऊन आले. "हवा भर रे, भोजराज." भोजराज नळी उचलणार, तोच चंद्रकांताने भरलेली बादली त्यांच्यापुढे ठेवली.

"आधी त्या खड्ड्यात पानी टाका, भाऊजी."

मारोतरावांनी भावाकडे पाहिलं. भोजराजने नळी खाली ठेवली. मग मारोतरावांनी बादली उचलली आणि खड्ड्यात रिकामी केली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं. अंगात वीज उतरली तर आम्ही तुमच्या बोटांशीच बोलतो. ते सोसू नका. वीज बंद करा आणि मोठ्याने सांगा, मग समोर घरातला कितीही थोरला माणूस असो!