बैलानं ठेवलेला काठ

मारोतरावांनी लाकडी बैल उलटा करून मांडीवर घेतला आणि त्याच्या चाकांत खोबरेल तेल सोडलं. तीन चाकं गुमान फिरली. चौथं दरवर्षीसारखंच कुरकुरलं.

"सुरभी, बेगड आण वं. शिंगं उघडी हायेत याची."

सुरभी दारात मोबाइल घेऊन उभी होती. यंदा सातवीत गेल्यापासून नात एकदम उंच झाली होती, आणि बोलताना आधी केस मागं सारायची.

"आबाजी, मी नाही जात यंदा तान्ह्या पोळ्यात."

"काहून?"

"सारे ल्हान ल्हान पोट्टे असतात तिथं. माह्या वर्गातली एक पोरगी येऊन नाही राह्यली."

"मंग बैल काय म्हणन?"

"लाकडाचा हाय तो. तो काय म्हणते?"

मारोतरावांचा तेलाचा हात तिथंच थांबला. बैलाचे कान झाकल्यासारखा तो त्याच्या डोक्यावर ठेवून ते म्हणाले, "त्याच्यासमोर तरी नको म्हणू."

सुरभी हसली. मग तिनं त्या हाताकडे जरा वेळ पाहिलं, मोबाइल फळीवर ठेवला आणि बेगड आणायला आत गेली.

मुकुटबनात काल मोठा पोळा झाला होता. आज पोरांचा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीसमोर नेतात, मग घरोघर फिरून बोजारा घेतात. कुणी नाणं देतं, कुणी बिस्किटाचा पुडा. पण मारोतरावांच्या घरी त्याआधी एक काम असायचं. बैलाला पुरणपोळी वाढायची. ताट त्याच्यासमोर ठेवून समोरच्या खोलीचं दार ओढायचं, ओट्यावर बसायचं आणि घरातल्या पोरानं मोठ्यानं शंभर मोजायचे. दार उघडलं की पोळी गायब. ताटात उरायचा फक्त काठ.

"काठ धन्यासाठी ठेवते थो," विमलताई सांगायच्या, आणि तो काठ मारोतरावांच्या हातावर द्यायच्या.

त्यांचा मुलगा कपिल लहान असताना विमलताईंनी हे सुरू केलं होतं. मारोतरावांना पहिल्याच वर्षी कळलं. कारण विमलताईंना पोळीचा काठ आवडत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या सणापासून त्यांच्या पोळीचा काठ मारोतरावांच्याच ताटात यायचा. असा काठ सोडणारा बैल अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता. पण ते कधी बोलले नाहीत. पोर मोजत मोजत सत्तरच्या पुढं गेलं की विमलताई पदराला हात पुसत ओट्यावर यायच्या, आणि मारोतराव आभाळाकडे पाहत म्हणायचे, "पाणी येते वाटते आज."

विमलताई माघात गेल्या. हे काम आता मारोतरावांवर आलं होतं.

त्यात अडचण एकच होती. त्यांची शुगर. सून रुपाली त्यांच्या चहाच्या कपावरही नजर ठेवायची. पण मारोतरावांनी सकाळपासून मनाशी पक्कं केलं होतं. एक पोळी काही जीव घेत नाही. आणि आज बैलानं पोळी खाल्ली नाही, तर पोरीला सगळंच लाकडाचं वाटायला लागेल.

बैल सजला. ताट ठेवलं. दार ओढलं.

"मोज आता. मोठ्यानं मोज."

"तुमी पण बसा ना आबाजी. आजीसंग बसत होते तसे."

"मले जरा मांगं जा लागते. तू मोज."

"एक, दोन, तीन..."

मारोतराव घराला वळसा घालून परसात आले. हौदावर हात धुतले, धोतराला पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत पाय टाकला. समोर रुपाली तवा घासत बसली होती. वाट अडली.

"मामाजी, इकडून कुठं?"

"पाणी प्याले."

"माठ त समोरच्या खोलीत हाय."

"त्याच्यासाठीच चाललो."

"अन् हात कायले धुतले?"

मारोतरावांनी ओले हात मागं नेले. बाहेर सुरभी एकेचाळिसावर आली होती.

"काल करंज्यांचा डबा कोणं उघडला, थे पण माहीत हाय मले," रुपाली म्हणाली. "बसा इथंच. पाणी मी देते."

"त्रेचाळीस," बाहेरून आवाज आला आणि मोजणं थांबलं.

मारोतराव पुढं सरकले. पोरीला कंटाळा आला असेल. आता उठेल आणि दार उघडेल.

"सरक वं रुपाली! थे पोळी बैलाची हाय. मी नाही खाल्ली त सुरभीले समजन. तिची आजी खात होती दरसाल, तिच्यासाठी."

रुपालीनं तवा खाली ठेवला. सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"सुरभीले दोन वर्सं झाले माहीत हाय, मामाजी. तिच्या आजीनंच सांगतलं तिले."

"मंग मोजते काहून?"

"तुमच्यासाठी. आत्याबाई म्हणे, आबाजीले सांगजो नको, त्यायले खरंच वाटते बैल खाते म्हणून. मले बी वाटे आतापर्यंत, तुमाले खरंच वाटते म्हणून."

बाहेर मोजणं पुन्हा सुरू झालं. "एकाहत्तर, बहात्तर..." मधले आकडे कुठंतरी सांडले होते आणि आवाज जरा भरलेल्या तोंडाचा होता.

मारोतराव उंबऱ्यावर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग हसू बाहेर आलं, मग डोळ्यांतून पाणी. विमलताईंना खरंच तसं वाटत होतं? की आपल्यामागं धन्याला पोरीकडे सोपवून जावं म्हणून त्यांनी हे काम तिला दिलं होतं? विचारायला आता त्या नव्हत्या.

"पाणी देऊ?" रुपालीनं विचारलं.

"नको. ऐंशी झाले. मले ओट्यावर जाऊ दे."

ते आल्या वाटेनं घाईघाईनं परतले. सुरभी ओट्यावर मांडी घालून बसली होती, हात मागं लपवून.

"पाणी येते वाटते आज," मारोतराव आभाळाकडे पाहत म्हणाले. आभाळ निरभ्र होतं.

"नव्याण्णव, शंभर! आबाजी, तुमी उघडा."

त्यांनी दार उघडलं. ताटात पोळी नव्हती. काठ होता, गोल, एका जागी तुटलेला.

"खाल्ली वं त्यानं! पाह्य, सारी खाल्ली!"

सुरभी ताटाकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग तिनं मोठा श्वास सोडला, काठ उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"धन्याचा हाय हा. खा."

मधल्या दारात रुपाली आली होती. तिनं काठ पाहिला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात अचानक काहीतरी शोधायला लागली. मारोतरावांनी काठ सावकाश चावून खाल्ला.

सुरभीनं बैलाची दोरी हातात घेतली. "चला ना, ल्हान पोट्टे पुढं गेले असतीन."

"थांब." मारोतरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक घेऊन तिच्या हनुवटीवरचं पुरण पुसलं. "बेगडाचा डिंक लागला वं तुले."

"हो," सुरभी म्हणाली. "डिंकच हाय."