बारावं वादळ

बायको गेल्याचं मिस्त्रीला कळलं तेव्हा त्याच्या पुढ्यात पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग पसरलेले होते. आगीच्या बंबावरचा माणूस दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. भुवया करपलेल्या, अंगावर राख. दोघांची जुनी ओळख. एरवी आल्या आल्या त्याने एखादा टोमणा मारला असता. आज नुसता म्हणाला, "मिस्त्री, हात धुवा आणि माझ्याबरोबर चला."

हात धुवायला पाणी कुठलं? टँकर आठवड्यातून एकदा यायचा. मिस्त्रीने हात पँटला पुसले, आणि पुसता पुसताच त्याला कळून चुकलं.

पाऊस न पडण्याचं ते तिसरं वर्ष. माती इतकी सुटी झालेली, की वारा उठला की शेतातली घरात यायची. लोकांना त्याचीही सवय झाली होती. क्षितिज तांबडं दिसलं की खिडक्या लावायच्या, फटींत फडकी कोंबायची, दारावर ओली चादर टांगायची आणि गुपचूप आत बसायचं. त्या मोसमात अशी अकरा वादळं येऊन गेली होती.

बायको रानाच्या कडेला, सरकारी रोपवाटिकेत कामाला. चार हजार रोपं आणि दिवसाला दोन पिंपं पाणी. कुणाला पाजायचं आणि कुणाला उपाशी ठेवायचं, हे तीच ठरवायची.

"तुझी पोरं जेवली का?" मिस्त्री रोज चिडवायचा.

"जेवली. आता थोरल्याला वाढते," म्हणत ती त्याचं ताट घ्यायची.

त्या दुपारी तिचा फोन आला होता.

"अहो, जळका वास येतोय."

"मोटार तापली असेल."

"मोटार सकाळपासून बंद आहे. आणि आभाळ बघा ना, कसलं लाल झालंय!"

"परवाही लालच होतं. धूळ आहे गं. चादर टांग आणि वादळ जाईपर्यंत बाहेर पडू नकोस. ऐक माझं."

"ऐकते. दुसरं काय करत आलेय इतकी वर्षं?" ती हसली आणि फोन ठेवला.

धुळीमागून वणवा येत होता. धूळ आली तर दार लावायचं आणि आग आली तर पळत सुटायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी दोन्ही एकदम आलं. कुंपणापाशी काम करणाऱ्या तिघांना ज्वाळा दिसल्या. ते रस्त्याकडे धावले आणि वाचले. धावताना त्यांनी तिला हाका मारल्या. तिने रोपवाटिकेच्या खोलीतून, काचेआडून हात हलवला आणि खिडकी घट्ट लावून घेतली. खोलीत धूर भरला. रस्ता दोनशे पावलांवर होता.

आत का राहिली? तिघांनी आपल्या परीने अर्थ लावला, की वहिनींचा जीव रोपांत अडकला. रोपवाटिकेचे साहेब भेटायला आले, म्हणाले, "रोपांसाठी प्राण दिले बाईंनी. फाटकावर त्यांच्या नावाची पाटी लावू." सगळ्यांच्या माना हलल्या. मिस्त्री खाली बघत बसला. त्या फोनबद्दल कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं.

लेक आठ दिवस राहिली. आठवा महिना चाललेला, तरी रोज फरशीवरची धूळ पुसायची. रडली मात्र नाही. जायच्या दिवशी पिशवी भरता भरता एकदम म्हणाली, "बाबा, आई माझ्या बाळंतपणाला येणार होती ना?"

"हो."

"तारीखसुद्धा तिनेच काढली होती. मग त्या झाडांपायी दार लावून बसली? मी आठवले नाही का तिला?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

आता सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. तिला वास आला होता, मीच तिला आत बस म्हणालो. लेक समोर हात थांबवून बघत होती. हिनेही तोंड फिरवलं तर आपल्याला कोण उरलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

"तिचा स्वभावच तसा," तो म्हणाला.

"म्हणजे खरंच," लेक म्हणाली. आईचा फोटो तिने पिशवीत ठेवला होता, तो काढून टेबलावर पालथा घातला. "राहू दे इथेच."

मिस्त्री तिला गाडीत बसवून आला.

त्याला आता महिना झाला. फाटकावर पाटी लागली आहे. पाऊस नाही. लेकीचा दर दोन दिवसांनी फोन येतो. बापाने जेवण केलं का, औषध घेतलं का, सगळं विचारते आणि आईचा विषय निघाला की फोन ठेवते. दोनदा मिस्त्रीने ते सांगायला सुरुवात केली आणि ऐनवेळी टँकर आला नाही एवढंच सांगितलं. तिचे दिवस भरत आलेत. त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.