शिवणीत राहिलेली काचेची घंटा

मासे धरणाऱ्या जाळ्यांत माझी गणती करू नका, मित्रांनो. मी रेशमाची एक जुनी जाळी आहे, नरसाळ्यासारखी. माझ्यातून पाणी गाळले जाते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे प्लवक माझ्या टोकाच्या बाटलीत उतरतात. अंबोन बेटावरच्या एका शिडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याने मला शिवले. "हिच्यातून डासाचं पिल्लूसुद्धा निसटणार नाही," तो म्हणाला, तेव्हा मी फुगून गेले होते. आज त्या फुशारकीचीही लाज वाटते.

समुद्र संशोधन केंद्रातल्या योसिनाकडे मी आले. नाव चालवायला दोमिंगुस होता. ती त्याला 'बू', म्हणजे दादा म्हणे. तो तिला 'नोना', म्हणजे पोरी. योसिना त्याला सूक्ष्मदर्शकात रेडिओलेरिया दाखवी.

"बू, एकाच पेशीचा जीव, पण पाण्यातली सिलिका घेऊन काचेचा सांगाडा विणतो. हे चेंडूसारखे एका गटातले, हे घंटेसारखे दुसऱ्या. आणि ही करंडक वनस्पती. हिचं कवचही सिलिकाचंच, पण झाकणाच्या डबीसारखं. ही उन्हावर अन्न करते, ते मात्र शिकार करतात."

"कुणाकडे डबी, कुणाकडे घंटा," दोमिंगुस हसे. "आमच्याकडे नुसतं वल्हं!"

एकदा आम्ही बांदा समुद्रात गेलो. तिथे मला फार खोल सोडले होते. परतताना दोमिंगुसने बादली उचलली.

"नोना, हिला तीनदा धुवायला हवं. शिवणीत गाळ बसलाय."

"राहू द्या हो बू, एक बादली ओता. वारा वाढतोय."

माझ्या शिवणीत घंटेसारखे काही सांगाडे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी अंबोनच्या उपसागरात मला ओढले, तेव्हा त्यातला एक बाटलीत पडला. योसिनाला आनंद आवरेना. खोल पाण्यातली जात आपल्या उथळ उपसागरात राहते, असे तिने भरसभेत जाहीर केले.

इतरांनी दोन महिने शोध घेतला. दुसरी घंटा सापडली नाही. केंद्राच्या प्रमुखांनी विचारले, "बांदाची बाटली अंबोनच्या बाटलीत मिसळली असेल. बाटल्या कुणाच्या हातात होत्या?"

"दोमिंगुसच्या," योसिना जमिनीकडे बघत म्हणाली.

"वीस वर्षांत माझी एक बाटली चुकली नाही," दोमिंगुस म्हणाला. "नोना, तू तरी सांग."

तिने नजर उचलली नाही. बाटल्यांची अदलाबदल केल्याचा ठपका ठेवून त्याला कामावरून काढले. मी खुंटीवर लटकत होते. दोष माझ्या शिवणीत होता आणि शिक्षा त्याला झाली. मला तोंड असते तर मी ओरडले असते. योसिनाला तर तोंड होते.

काही दिवसांनी तिने एकटीने माझी शिवण उसवली, गाळ काचपट्टीवर घेतला. तीन घंटा निघाल्या. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याच दुपारी तिने सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि मला घेऊन दोमिंगुसचे घर गाठले.

"बस," तो म्हणाला. "आधी पपेडा खा. गार झाला की गिळवत नाही."

तिने साबूच्या पिठाच्या त्या चिकट लापशीचे ताट बाजूला ठेवले. "माफ करा, बू. प्रमुखांनी तुम्हाला परत बोलावलंय."

"माफ केलं. पण येणार नाही, नोना. तू जमिनीकडे बघत होतीस, ते मला विसरता येत नाही."

मग त्याने मला मांडीवर घेतले, सुईदोरा मागवला आणि माझी शिवण बाहेरच्या बाजूने घातली. "आता आत गाळ बसायचा नाही," एवढेच बोलला. ज्याचे मी नुकसान केले, त्याचेच टाके अंगावर घेऊन मी परतले.

मित्रांनो, आता योसिना मला प्रत्येक वेळी स्वतः तीनदा धुते. तुम्हीही आपली अवजारे वेळीच स्वच्छ करा. आणि आपल्या हातून चूक झाली असेल, तर दुसऱ्याचे नाव पुकारले जाण्याआधी उभे राहा. दोमिंगुसची नाव रोज सकाळी आमच्या खिडकीसमोरून मासे घेऊन जाते. तो हात हलवतो. योसिनाही हलवते, पण मान वर करायला तिला अजून वेळ लागतो.