पांढरा चेहरा

रशियन भाषेत आपल्याला कुणी चकवू शकत नाही, असा नीलिमाचा समज होता. पुण्यात पाच वर्षं रशियन शिकलेली बाई, पण पोटापाण्यासाठी परदेशात, चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत अकरा जणांच्या टीमची लीड झालेली. शनिवारी हौसेनं भाषांतरं करायची. २०१६ साली एका मासिकासाठी तिनं एका विस्मरणात गेलेल्या ज्यू लेखकाची रशियन कथा घेतली, आणि एका वाक्यापाशी गाडं अडलं.

कथेतला मास्तर भर प्रार्थनागृहात एका चांभाराचा 'चेहरा पांढरा करतो'. नीलिमानं बेधडक लिहिलं, 'त्याचं मुख उज्ज्वल केलं'. म्हणजे कौतुक केलं, झालं. पण मग हाच मास्तर पुढं सात वर्षं त्या चांभाराच्या दारात का उभा राहतो, हे काही केल्या कळेना.

ती राहायची त्या बिशान भागात, तिच्याच इमारतीत फाइना लव्होव्हना राहायच्या. ओडेसाच्या ज्यू, मुलाच्या नोकरीपायी सत्तरीत इथं आलेल्या. त्यांनी वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. कौतुक कसलं, म्हणाल्या. चारचौघांत पाणउतारा झाला की माणसाच्या चेहऱ्यातलं रक्त उतरतं. आमचे जुने लोक त्याला रक्त सांडणंच म्हणतात. नीलिमा हसत म्हणाली, आमच्याकडे तोंड काळं होतं. फाइना हसल्या नाहीत.

"याची माफी देव देत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचं रक्त सांडलं त्याच्याकडे मागायची. आणि ज्यांच्यादेखत सांडलं त्यांच्यादेखत."

 नीलिमाला तिच्या टीममधला प्रतीक आठवला.

मार्चमध्ये चुकीच्या तारखांचा रिपोर्ट क्लायंटला गेला होता. भर मीटिंगमध्ये ती प्रतीकला म्हणाली होती, कॉलेजात वर्गात बसायचास की नुसता कट्ट्यावर? मग बाकीच्यांना कळावं म्हणून इंग्रजीतही म्हणाली. सगळे हसले. प्रतीकचा चेहरा कागदासारखा झाला होता, तो तिनं पाहिला होता. त्याच संध्याकाळी तिला कळलं की चुकीची फाइल तिनंच जोडली होती. ती गप्प बसली. सांगितलं असतं तर लीडची खुर्ची गेली असती. आता त्या चुकीपायी बँकेनं प्रतीकचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं होतं, इथं राहण्याचा पास रद्द होणार होता, आणि शुक्रवारी तो बायकोला घेऊन मायदेशी परत निघाला होता.

बुधवारी तिनं त्याला पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत बोलावलं. कॉफी निवेपर्यंत इकडचं तिकडचं बोलली, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, मला माफ कर.

प्रतीकनं कप बाजूला सारला.

"मला माहीत होतं, ताई. मेलवर तुमचंच नाव होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर? तुमचं नाव घेऊन?"

त्याच्या आवाजात राग असता तर तिला सोसला असता. ती म्हणाली, उद्या तुझ्या निरोपाला सगळे असतील, तिथं सांगते. 

गुरुवारी पँट्रीत केक कापला. अकराच्या अकरा जण हजर होते. साहेबांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का? नीलिमा उठली. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं. तिनं प्रतीककडे पाहिलं. त्यानं मान किंचित हलवली, नको म्हणून. जाता जाताही तो तिला सांभाळून घेत होता.

तिनं ती सूट घेतली. प्रतीक मेहनती मुलगा आहे, त्याला शुभेच्छा, असं ती म्हणाली. टाळ्या झाल्या. खाली बसताना तिला काय वाटलं, तर हायसं वाटलं.