क्वीनीची वात

२०१९ सालचा मार्च होता. लंडनच्या पिनर भागातल्या घरात सुमनताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाती वळत होत्या. शेजारच्या बेरिलबाई काठी टेकत आत आल्या आणि त्यांनी एक फ्रेम केलेला फोटो कापसाशेजारी ठेवला. वय अठ्ठ्याऐंशी, मागेपुढे कोणी नाही. सोमवारी त्या केअर होममध्ये जाणार होत्या.

सुमनताईंचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे फारसं जात नसे. म्हणून चौदा वर्षांची नात तनिषा मध्ये बसली.

"आजी, हा फोटो तू ठेव म्हणतात. त्या गेल्यावर तिथले लोक फेकून देणार. मग क्वीनीला कोणी ओळखणार नाही."

क्वीनी हे नाव सुमनताईंना ठाऊक होतं. मागच्या मार्चमध्ये बेरिलबाई कुंपणापाशी रडल्या होत्या, तेव्हा तनिषाने सांगितलं होतं, "वॉरमधली त्यांची क्वीनी. ती परत नाही आला."

"आला काय गं? ती परत आली नाही, म्हणावं," असं सुमनताईंनी तिला सुधारलं होतं. त्या संध्याकाळपासून देवापुढे त्या एक वात जास्त लावत आल्या होत्या, बेरिलबाईंच्या त्या हरवलेल्या पोरीसाठी.

आता त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. भल्यामोठ्या बाँबफेकी विमानापुढे सात तरुण उभे होते. मुलगी एकही नव्हती.

"यातली क्वीनी कुठली?"

बेरिलबाईंनी विमानावर रंगवलेल्या क्यू अक्षरावर बोट ठेवलं.

तनिषाला हसू फुटलं. "आजी, क्वीनी विमान आहे! इथे प्लेनला 'शी' म्हणतात."

सुमनताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे वर्षभर मी पत्र्याला दिवा लावला? सांगू नकोस हं त्यांना."

तनिषाने सांगूनही टाकलं होतं.

बेरिलबाई हसल्या नाहीत. फोटोतल्या टोकाच्या पोराजवळ त्यांनी अंगठा टेकवला. मग थांबत थांबत बोलल्या, आणि तनिषाही हळू आवाजात सांगू लागली.

"हा लेस्ली, त्यांचा भाऊ. एकोणीस वर्षांचा. गन घेऊन विमानाच्या शेपटीत बसायचा. बॉडी मिळाली नाही, म्हणून त्यांच्या आईने त्याला कधी मेला म्हणू दिलं नाही. घरात सगळे फक्त क्वीनीचं बोलायचे. क्वीनी परत नाही आला." तनिषाने बेरिलबाईंचं पुढचं ऐकून घेतलं. "आणि म्हणतात, तुझा दिवा चुकला नाही. ते सगळे तिच्या पोटातच होते."

सुमनताईंनी फोटो जवळ ओढला. सातही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा कापूस हाती घेतला. बेरिलबाईंनीही थोडा मागून घेतला. त्यांची वात जाडजूड, वाकडीतिकडी झाली. सुमनताईंनी ती नीट केली नाही. लेस्लीची म्हणून तशीच वेगळी ठेवली.

बेरिलबाई दोन वर्षांनी नोव्हेंबरात गेल्या. त्यांच्या घरात आता इल्फर्डहून आलेलं कुटुंब राहतं. क्वीनी उत्तर समुद्रात कुठेतरी आहे म्हणतात; अजून सापडलेली नाही. तनिषा ब्रिस्टलला शिकते, तिचं मराठी पुष्कळ सुधारलं आहे. सुमनताई मुलाबरोबर रीडिंगला राहायला गेल्या. फोटो देवघरात आहे. तिथल्या खिडकीतून हीथ्रोला उतरणारी विमानं दिसतात.

"ती आली बघ," त्या म्हणतात.

"ती नाही गं आजी, ते. विमान आलं," सुट्टीला आलेली तनिषा सुधारते.

सुमनताई ऐकून न ऐकल्यासारखं करतात.