मी लेंडी ओढ्यावरचा बांध

बसा. माझ्या फुटक्या कडेवर मात्र नको, तिथली माती अजून ढासळते. मी लेंडी ओढ्यावरचा मातीचा बांध. मला धरण म्हणू नका. धरणं पाणी विकतात, मी माती राखतो. डोंगरावरून उधळत येणाऱ्या पाण्याला दम खायला लावायचा, त्याच्याकडची माती काढून घ्यायची आणि मग त्याला सोडायचं, एवढाच माझा धंदा.

मला गावानंच घातलं. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं चोपायचं, मग पुढचा थर. चोपणाऱ्यांत सगळ्यांत पुढं कौसाबाई, कारण माझ्या पायथ्याशीच तिची ज्वारीची पट्टी. ती पूर्वी दर पावसाळ्यात खरवडून जायची. जादा पाणी निघून जावं म्हणून माझ्या बाजूला दगडी सांडवा ठेवला. मातीच्या बांधाच्या डोक्यावरून पाणी गेलं की तो संपला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ठाऊक असून काय उपयोग! गावातल्याच भागवतनं माझ्या पाण्यात माशांचं बीज सोडलं आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला बारीक जाळं ठोकलं.

"आरं मुडद्या, त्याच्या तोंडालाच फडकं बांधलंस की!" कौसाबाई म्हणाली.

"काकू, मासं पळालं तर तू धरून आणशील व्हय? कालवणाला मात्र वाडगं घेऊन पयली येशील!"

चार माणसं खदखदून हसली. मला चोपणारीच ती. भागवतपेक्षा त्या हसण्याचा मला जास्त संताप आला.

परतीचा पाऊस भरदुपारी डोंगरावर कोसळला. पालापाचोळा, बोराट्या, कुणाचा तरी कडबा, सगळं जाळ्यात अडकून सांडवा बुजला. पाणी चढू लागलं. कौसाबाई जाळं कापायला विळा घेऊन धावली. भागवतनं तिचा हात धरला.

"थांब काकू, मासं काढायलाच आल्यात! पाऊस उतरतोय बघ."

"हात सोड! माझं रान जाईल!"

त्यानं हात सोडला, पण तोवर माझ्या माथ्यावरच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतून पाणी पलीकडं उतरलं होतं. बोटाएवढी धार होती हो! बघता बघता तिनं माझं पोट फाडलं. मासे गेले. कौसाबाईच्या उभ्या ज्वारीच्या जागी नुसते गोटे उरले.

सकाळी माणसं जमली. मला वाटलं, आता तरी कुणी खरं बोलेल.

"बांधच कच्चा व्हता," एकजण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कच्चा! अरे, इतकी वर्षं अख्खा डोंगर अंगावर घेतला तेव्हा पक्का होतो, आणि तुम्ही माझी वाट कोंडलीत तेव्हा कच्चा झालो?

आता कौसाबाई एकटीच घमेल्यानं माझं भगदाड बुजवते. काल भागवत फावडं घेऊन आला. दुसऱ्या खांद्यावर नवं जाळं.

"काकू, मीबी लागतो हाताला. पाणी अडलं की औंदा..."

"फावडं ठेव," ती वर न बघता म्हणाली, "आन् तू जा."

माझंही तेच म्हणणं. मला बुजवायला येणार असाल तर रिकाम्या खांद्यानं या. सांडवा मोकळा ठेवणार नसाल, तर माझ्या अंगावर एक मूठही माती टाकू नका. तुम्ही मला उभं कराल आणि मी पुन्हा त्या बाईच्याच रानावर जाऊन पडेन. त्यापेक्षा मी फुटलेलाच बरा.